मंगलाची माय आणि तिचं इंग्लिश

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बैलांना रंग देणं.

पोळा तीन दिवसांवर आला होता. मी मध्यप्रदेशातल्या सौसरचा सुतार. संत्र्याच्या मोसमात पेट्या ठोकतो, अन् श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची लेकरं हे चाकाचे बैल दोरीनं ओढत घरोघर फिरतात. बैल मी घडवायचा अन् डोळे तिनं काढायचे, ही आमची जुनी वाटणी. मला डोळा जमत नाही. मी डोळा काढलेला बैल चोरासारखा पाहतो.

तर त्या सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. तिनं एक बैल पालथा केला, त्याच्या पोटावर बारीक कुंच्यानं सहा इंग्लिश अक्षरं काढली अन् मला म्हणाली, "म्हणा."

"काय म्हणू?"

"कलर. सी, ओ, एल, ओ, यू, आर. कलर म्हणजे रंग. म्हणा न."

"मी कायले म्हणू? माझ्या बापानं कधी म्हटलं नाई."

"तुमच्या बापानं बिडी दे याच्याशिवाय काहीच म्हटलं नाई. म्हणा."

मी म्हटलं. ती खूश झाली. मग तिनं दुसरा बैल पालथा केला अन् त्याच्या पोटावर पाचच अक्षरं काढली.

"आता हे. सी, ओ, एल, ओ, आर. यू नाई."

"हे काय मग?"

"हेही कलरच."

"मग दोघांतलं एक चुकलं असन."

"कोणतंच नाई चुकलं. ते इकडचं आहे. हे अमेरिकेतलं."

असं म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. कुंचा हातात तसाच. मी शिंगाला लाल रंग देऊन राहिलो होतो. मान वर केली नाही. म्हटलं, "चहा ठेव."

तिनं चहा ठेवला. आम्ही प्यालो. त्याच दुपारी ती गेली.

आता ती बाई कशी होती ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. रंधा मारल्यासारखं सफाईदार काही निघणार नाही. जसं निघेल तसं घ्या.

तिचं नाव भागीरथी. पण त्या नावानं तिला लग्नानंतर कोणी हाक मारली नाही. आम्हाला एकच मुलगी, मंगला. ती झाली अन् ही सगळ्या सौसरची मंगलाची माय झाली. मीही तेच म्हणायचो. "मंगलाची माय, पाणी आण." "मंगलाची माय, सरस गरम कर."

मंगला नर्सचं शिकायला नागपूरला गेली. तिथं तिनं दुसऱ्या धर्माच्या मुलाशी कोर्टात लग्न लावलं. त्या वर्षी माझ्या भाचीच्या लग्नात मला शेवटच्या पंगतीत बसवलं, अन् वाढणाऱ्यानं दुरून वाढलं. मी घरी आलो तो पेटलेलाच. त्याच आठवड्यात मंगलाचं पत्र आलं. मराठीत, तिच्या गोल गोल अक्षरात. मी ते न वाचता हिच्यासमोर चुलीत घातलं अन् बजावलं, "तिच्या अक्षरातलं पत्र या घरात आलं तर चुलीत जाईल. तिचं नाव या घरात निघणार नाई. समजलं?"

पुढं कळलं की ती नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली. मग अमेरिकेचं नावही बंद.

या बंदीत एक भानगड झाली. बायकोला हाक मारायला माझ्याकडे नावच उरलं नाही. मंगलाची माय म्हणायचं तर मंगला म्हणावं लागते. मग मी म्हणायचो, "ऐकतं का." सात वर्षं मी तिला "ऐकतं का" म्हटलं. अन् ती सात वर्षं म्हणाली, "ऐकून राहिली, बोला."

पत्र जाळलं तेव्हा ती काही बोलली नाही, हेच नवल होतं. एरवी गप्प बसणारी बाई नव्हती. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर म्हणायची, "जिभेले जरा पॉलिश पेपर मारा, चव येईल." मी घोरतो म्हणून शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे आरा मशीन दोन पाळ्यांत चालते."

अन् मग, पन्नाशी उलटल्यावर, तिला इंग्लिश शिकायचं खूळ लागलं.

सुरुवात कशी झाली ते मला माहीत नव्हतं. एक दिवस जेवायला बसलो तर ती साबणाचा कागद मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हटलं, "पोळी वाढ." ती म्हणाली, "थांबा, मले वाचू द्या."

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की काय सांगू. थांबा, मले वाचू द्या. खताच्या पोत्यावर, सुईच्या पुडीवर, चहाच्या डब्यावर. मला खोकला झाला तर औषधाची बाटली उघडण्याआधी चिठ्ठी वाचू द्या. मी खोकत बसलो. तिची चिठ्ठी वाचून होईस्तोवर खोकला आपला आपणच बसला. ती म्हणाली, "पाहा, गुण आला."

तिसरी शिकलेली बाई. शिकवायला मागच्या गल्लीतले वानखेडे मास्तर. रिटायर झालेले, जन्मभर सहावीला ए बी सी डी शिकवून घसा बसलेला माणूस. ही दुपारी त्यांच्या घरी जाऊन मास्तरणीला पापड लाटून द्यायची, मिरच्या कुटून द्यायची, अन् बदल्यात मास्तर हिला पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. गल्लीतल्या बाया हसायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काय मंगलाची माय, आता मडम होऊन राहिल्या का?" ही म्हणाली, "होऊन राहिली न. तू तेवढी माझी सायपाकीण हो."

तिचं शिकणं आपल्यासारखं नव्हतं. तिला प्रत्येक अक्षर माणूस वाटायचं. चाकूला इंग्लिशमध्ये नाईफ म्हणतात अन् त्याच्या पहिल्यानं एक के असतो जो बोलतच नाही, हे कळलं त्या दिवशी तिला भारी राग आला. संध्याकाळी मला सांगत आली.

"बसलेला आहे पहिल्या नंबरवर. बोलत नाई, काही नाई. जेवाले पुढं, कामाले मागं. थेट तुमच्या भावासारखा."

माझा भाऊ तेव्हा समोरच बसून चाकूनं आंबा चिरून राहिला होता. त्यानं चाकू खाली ठेवला अन् चहा न पिता गेला. दोन महिने आला नाही. ती म्हणाली, "एका अक्षरात इतकं काम झालं. पूर्ण शिकली तर काय होईन!"

एकदा आम्ही एका बारशाहून परत येऊन राहिलो होतो. रामाकोन्याच्या ठेसनावर छोट्या गाडीची वाट पाहत बसलो. तिथं पाटी आहे, हिंदीत अन् इंग्लिशमध्ये. ही पाटीसमोर उभी राहिली. हिंदीवर हात ठेवला, म्हणाली, "हे पाहायचं नाई, चोरी होते." अन् इंग्लिश वाचायला लागली. आर. ए. एम. पुन्हा ए. गाडी आली. मी म्हटलं, "चाल." ती म्हणाली, "थांबा, मले वाचू द्या." लोक चढले. मी पिशवी घेऊन डब्याच्या दाराशी, ही पाटीशी. गार्डानं शिट्टी मारली. के. ओ. एन. गाडी हलली. मी काय करणार, उतरलो. गाडी गेल्यावर ही तोंड पाडून माझ्याजवळ आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"इतकं वाचलं," ती म्हणाली, "अन् शेवटी रामाकोनाच निघालं."

दुसरी गाडी संध्याकाळची. त्या बाकावर बसून मी तिला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती ऐकत होती अन् मधून मधून पाटीकडे पाहून ओठ हलवत होती. आता वाटते, त्या चार तासांत मी तिला एक गोष्ट विचारायला पाहिजे होती. अवं, तुले हे कायले पाहिजे? या वयात, कोणासाठी? नाही विचारली. मी म्हटलं डोक्यात फरक पडला.

बैलाच्या पोटावर लिहिणं गेल्या वर्षीपासून सुरू झालं. मला न सांगता. रंगाच्या डब्यावरचा कलर शब्द तिनं उतरवून घेतला अन् घातला बैलांच्या पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी. पण लेकरं काय, बैल उलटा करूनच पाहतात. तेलाच्या दुकानवाले साहू नातीचा बैल घेऊन तणतणत आले.

"काकाजी, ये बैल के पेट पे क्या लिख दिया?"

मला काही ठाऊकच नाही. मी बैल हातात घेऊन उभा. ही आतून म्हणाली, "इंग्लिश बैल है साहूजी. भाव वोईच."

साहू बैलाकडे पाहत राहिले, मग खिशात घातल्यासारखा जपून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चार गिऱ्हाइकं आली, इंग्लिश बैल मागत. तीस वर्षं मी पायापासून शिंगापर्यंत बैल घडवला, अन् लोक नावाजून राहिले पोटावरची अक्षरं. ती म्हणाली, "जळू नका. तुमचाच बैल आहे, मी फक्त शिकवला."

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं मला हसून सांगता येत नाही.

यंदा उन्हाळ्यात मास्तरांची खुर्ची मोडली. मी त्यांच्याच ओसरीत बसून पाय बसवून राहिलो होतो. ही पाटी घेऊन आलेली. मास्तरांनी रंग लिहायला सांगितलं. हिनं लिहिलं.

मास्तर म्हणाले, "वहिनी, यू खाल्ला तुम्ही."

"नाई खाल्ला. नसते."

"अहो असते. पुस्तकात आहे. इतकी वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारल्या मी त्या यूसाठी."

"माझ्या कागदात नाई."

"कोणत्या कागदात?"

मी खाली पाहून ठोकत होतो, पण कळलं की ती माझ्याकडे पाहून राहिली. मास्तरही पाहून राहिले. मग त्यांनी घसा साफ केला, म्हणाले, "हां हां. बरोबर आहे. अमेरिकेत काढून टाकतात यू. ते लोक तसंच लिहितात. बरोबर आहे तुमचं."

माझा हातोडा थांबला. खोटं कशाला बोलू, मला त्याच क्षणी समजलं. अमेरिकेतला कागद हिच्याकडे येणार कोणाकडून? माझ्या घरातून अमेरिकेत गेलेलं माणूस एकच. मला फक्त इतकंच म्हणायचं होतं की मास्तर, तो कागद दाखवा. किंवा हिला म्हणायचं होतं, कशी आहे ती. तीन शब्द. मी पुन्हा ठोकायला लागलो. पाय केव्हाचाच बसला होता. तरी मी चार खिळे जास्तीचे ठोकले.

घरी येताना ती माझ्या मागं चालत होती. म्हणाली, "ऐकलं का. पोरगी सासरी गेली की तिचं नाव बदलतात न आपल्यात. म्हणून पोरगी बदलते का? ते कलरचं तसंच आहे."

मी म्हटलं, "पाय उचल. ऊन होऊन राहिलं."

त्यानंतर तिनं किती वेळा तरी विषय माझ्यासमोर आणून ठेवला. मी भाकर मोडून राहिलो की म्हणायची, "अमेरिकेत म्हणे बर्फ पडते. पार दारापर्यंत."

"पडू दे."

"तिथं शेजारपाजारचे एकमेकाकडे जात नाई म्हणे. लेकरू रडलं तरी कोणी येत नाई."

"बरं आहे."

"कसं करत असतीन मग, लहान लेकरू घरात असलं तर?"

"आमटी वाढ."

ती आमटी वाढायची. तिला सांगायचं होतं अन् मी विचारल्याशिवाय सांगायचं नव्हतं. बंदी मी घातली होती, उठवायची मीच होती. अन् मला वाटून राहिलं होतं, तिनं आधी बोलावं. मग मी दोन शिव्या देईन, अन् मग विचारीन. माझी अक्कल ही अशी.

बैलांच्या पोटावर तिनं दोन्ही कलर काढले, त्या दुपारी मी मागच्या खोलीत चाकं कापून राहिलो होतो. ओट्यावर डबा पडल्याचा आवाज आला. मी आतूनच ओरडलो, "रंग सांडला का?" उत्तर नाही. बाहेर आलो. ती खांबाला टेकून बसलेली, मान एका बाजूला, लाल रंग लुगड्यावरून ओघळून राहिलेला. मी म्हटलं, "ऐकतं का." पुन्हा म्हटलं. खांदा हलवला. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मंगलाची माय! अवं मंगलाची माय!" सात वर्षांनी. गल्लीतले लोक धावत आले ते त्या हाकेनं आले. ती नाही उठली.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. दिवस मावळायच्या आत तिला नेलं. बोरगावहून तिचा भाऊ येऊन पोहोचला. त्यानंच सगळं पाहिलं.

नदीवरून आंघोळ करून परत आलो, लोक पांगले, तेव्हा वानखेडे मास्तर ओट्यावर येऊन बसले. हातात मंगल कार्यालयाची छापील पिशवी. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"हे तुमच्या घरातलं आहे," म्हणाले. "माझ्याकडे ठेवायला दिलं होतं."

आत पत्रं. निळ्या पट्ट्यांचे लिफाफे, सगळे इंग्लिशमध्ये, एक सोडून सगळ्यांवर मास्तरांचा पत्ता.

मास्तर सांगायला लागले. पहिलं पत्र पाच वर्षांपूर्वी माझ्याच घरी आलं होतं, मी पेट्या ठोकायला बाहेर गेलो असताना. मंगलानं मशीनवर टाईप करून इंग्लिशमध्ये पाठवलं. तिला कोणाकडून तरी कळलं होतं, तिचं अक्षर दिसलं की बाप जाळून टाकतो. इंग्लिश मला वाचता येत नाही, टाईपवर हात कोणाचा ते ओळखू येत नाही.

पण त्या लिफाफ्याचं तिकीट वाटेत तिकिटं जमवणाऱ्या कोण्या शौकिनानं कापून घेतलं होतं. अख्खा कोपराच गेलेला.

आमच्याकडे कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर. कोणी गेलं की कार्ड लिहितात अन् कोपरा फाडून टाकतात, म्हणजे घेणाऱ्याला वाचण्याआधीच कळते. लेकरांनाही माहीत असते हे. तिच्या हातात परदेशाचा लिफाफा, कोपरा नाही, अन् आतलं एक अक्षर वाचता येत नाही. ती पळत मास्तरांकडे गेली. मास्तर जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलेले, मास्तरीण माहेरी. ती त्यांच्या बंद दाराशी बसून राहिली. दुपारी बारापासून चार वाजेपर्यंत. छातीशी लिफाफा धरून. तिच्या हिशेबानं पोरगी मेली होती.

"माझ्याकडे काऊन नाई आली?" मी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्याचं उत्तर मलाच माहीत होतं.

"मी आलो, पत्र उघडलं," मास्तर म्हणाले. "मंगलाला मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. मी ते वाचून दाखवलं तर वहिनींना खरंच वाटेना. तीनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, मास्तर, मले हे अक्षर शिकवा. पुन्हा असं कोणाच्या दाराशी बसायचं नाई मले."

मला तो दिवस आठवला. मी चहाला घरी आलो तर चूल थंड. ती संध्याकाळी परत आली, चेहरा सुजलेला. मी तिला दारातच म्हटलं होतं, "कुठं मेली होती?" त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिनं शिरा केला. मी म्हटलं, आज काय आहे? ती म्हणाली, "काही नाई, असाच." मी दोनदा मागून घेतला. नात झाल्याचा शिरा मी खाल्ला अन् मला माहीत नाही.

"माझं काही विचारते का?" मी मास्तरांना म्हटलं. मान खालीच होती.

"प्रत्येक पत्रात. शेवटची ओळ तीच असते. बाबांनी माझं काही विचारलं का?"

"मग ही काय लिहायची?"

"पहिली दोन उत्तरं मी लिहून दिली. नंतर स्वतः लिहायच्या. कागद तुमच्या हाती लागला तरी कळू नये म्हणून दोघींचं इंग्लिशच चालू राहिलं. बाकी चुका व्हायच्या, पण ही एक ओळ घोटून घोटून पक्की केली होती त्यांनी. बाबा रोज विचारतात."

पाच वर्षं. पापड लाटून, मिरच्या कुटून, गाडी चुकवून, गल्लीचं हसणं ऐकून ती जे इंग्लिश शिकली, त्यातली सगळ्यात चांगली ओळ तिनं माझ्यासाठी खोटं लिहायला वापरली. अन् समोर बसून वाट पाहत राहिली की कधीतरी मी ती खरी करीन. तिला इतकंच पाहिजे होतं. भाकर मोडता मोडता एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

मास्तर म्हणाले, "एखादं वाचून दाखवू?"

मी म्हटलं, "आज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरगावचा साळा कार्डं लिहायला बसला. नातेवाईक पुष्कळ. तो लिहायचा, कोपरा फाडायचा, बाजूला ठेवायचा. शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊजी, मंगलाले...?"

"मी लिहितो," म्हटलं.

तो चकित झाला. मास्तरांकडून हवाई टपालाचा लिफाफा अन् कागद आणला. मी माझी सुताराची जाड पेन्सिल तासली. चौथीच्या अक्षरात, मराठीत लिहिलं.

मंगला, तुझी माय काल दुपारी गेली. फार त्रास झाला नाही. रंग देता देता गेली. तू कशी आहेस? पोरगी कशी आहे? तिचं नाव काय ठेवलं? मला इंग्लिश येत नाही. मराठीत लिही. मी वाचीन. बाबा.

पत्ता इंग्लिशमध्ये पाहिजे. तिच्या लिफाफ्यावरून एकेक अक्षर पाहून उतरवला, लाकडावर खूण करतो तसा, हलक्या हातानं, आधी पेन्सिलनं अन् मग मास्तरांच्या पेनानं. त्यात बरीच सकाळ गेली. साळ्यानं लिफाफा घेतला अन् सवयीनं कोपऱ्याला हात घातला.

"राहू दे," मी म्हटलं.

"भाऊजी, मरणाचं पत्र आहे. रीत आहे."

"तिनं आधी उघडावं. उघडण्याच्या आधी घाबरायचं काम नाई."

त्यानं कोपऱ्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "अन् तिनं उत्तरच नाई पाठवलं तर?"

"तर दुसरं लिहीन."

सुतकात घराबाहेर पडू नये म्हणून मला अडवायला दोघंतिघं दारात उभे राहिले. मी त्यांच्यामधून वाट काढली अन् अनवाणीच पोस्टात गेलो.